मॉडेल रेल्वे बनवताय? सुरुवातीच्या ९ चुका आणि त्या वेळीच पकडायची पद्धत

हॅम्बुर्गच्या मिनिएचर वंडरलँडचे रील्स तुमच्या फोनवर कधी ना कधी आलेच असतील. बोटाएवढी माणसं, टेबलाएवढं शहर आणि त्यातून तासन्‌तास धावणाऱ्या गाड्या. २००१ मध्ये सुरू झालेलं हे प्रदर्शन बघायला जर्मनीला जावं लागतं, पण आपल्याकडेही पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाच्या डोक्यात एकच विचार असतो, "घरी असं काहीतरी करता येईल का?"

करता येतं. पण मी ओळखीच्यांचे अडलेले लेआउट बघायला जाते, तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी त्याच वळणावर घसरते. लांबच्या टोकाला मंदावते. सांध्यावर बंद पडते. पावसाळा संपल्यावर रूळ वाकलेला दिसतो. आणि कारण शोधायला गेलं की ते खडी, गोंद आणि रंगाखाली गाडलेलं सापडतं. मग सगळं उखडावं लागतं. बरेच जण उखडत नाहीत, सरळ सेट खोक्यात भरून माळ्यावर टाकतात. महिनोन्‌महिने साठवलेले पैसे तिथेच संपतात.

म्हणून या लेखात चुकांची यादी त्या ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने दिली आहे. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: चूक कागदावर सापडली तर खोडरबर लागतं, खडी टाकल्यावर सापडली तर छिन्नी लागते.

## आधी दोन शब्द समजून घ्या: स्केल आणि गेज

स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. नवीन माणूस हे दोन्ही एकच समजतो.

- एचओ: स्केल १:८७, गेज १६.५ मिमी. जगात सर्वात जास्त वापरलं जाणारं.
- ओओ: स्केल १:७६, गेज तेच १६.५ मिमी. ब्रिटनमध्ये चालतं.
- एन: स्केल साधारण १:१६०, गेज ९ मिमी. जपानी आणि ब्रिटिश एनमध्ये स्केल थोडं वेगळं असतं.
- झेड: स्केल १:२२०, गेज ६.५ मिमी. खूप लहान, सुरुवातीला अवघड.

भारतीय गाड्या आवडणाऱ्यांसाठी एक माहिती. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. १:८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात. पण एचओचा तयार ट्रॅक १४३५ मिमीच्या युरोपीय-अमेरिकन गेजवरून आलेला आहे, म्हणून १६.५ मिमी. त्यामुळे एचओमधलं भारतीय इंजिन नेहमी जरा अरुंद रुळावर उभं दिसतं. तो दोष नाही, सगळ्यांनी स्वीकारलेली तडजोड आहे. स्वतः रूळ ठोकत बसू नका.

## टप्पा १: कागदावर होणाऱ्या चुका

### चूक १: ठरवण्याआधी खरेदी

सेलमध्ये एक इंजिन स्वस्त दिसलं, घेतलं. कुणाकडून जुने डबे मिळाले, घेतले. घरी आल्यावर कळतं की इंजिन एचओ, डबे ओओ. गेज सारखा असल्यामुळे दोन्ही त्याच रुळावर धावतात, पण डबे इंजिनाशेजारी थोराड दिसतात. कपलिंगही जुळत नाहीत: एकाला हूक आणि कडी, दुसऱ्याला मूठ आवळल्यासारखं नकल कपलर. जुन्या डब्यांच्या चाकांची कड जास्त खोल असते, त्यामुळे कमी उंचीच्या रुळावर ती आतल्या खिळ्यांवर खडखडत जाते.

आधी तीन गोष्टी लिहून काढा: स्केल, कपलिंगचा प्रकार, ट्रॅकची कंपनी आणि मालिका. मग खरेदी.

आणि एक महत्त्वाचं. अमेरिकेतून मामा किंवा आत्या सेट घेऊन आली, तर प्लग लावायच्या आधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर चालेल. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो जळेल, आणि आगही लागू शकते. त्याऐवजी इथला, त्याच आउटपुटचा चांगला अडॅप्टर घ्या. लॅपटॉपचा चार्जर जुगाड म्हणून लावू नका. तो साधारण १९ व्होल्ट देतो आणि या मोटरी १२ व्होल्टच्या असतात.

### चूक २: वळण फार घट्ट ठेवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. सेटमध्ये मिळणारं वळण साधारण ३७ ते ४६ सेंमी त्रिज्येचं असतं. ते छोट्या इंजिनासाठी आणि आखूड डब्यांसाठी बनवलेलं असतं. त्यावर आपण लांबलचक प्रवासी डबे चढवतो.

अंगठ्याचा नियम सोपा आहे: वळणाची त्रिज्या सर्वात लांब डब्याच्या किमान ३ पट. २ पटीला गाडी जेमतेम फिरते आणि मागे ढकलताना हमखास घसरते. ४ पटीला ती बघायला छान वाटते.

आता हिशेब करू. आयसीएफ डबा खऱ्यात सुमारे २१.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये २४.५ सेंमी. एलएचबी डबा सुमारे २३.५ मीटर, म्हणजे २७ सेंमी. एलएचबीसाठी ३ पट म्हणजे ८१ सेंमी त्रिज्या. अर्धवर्तुळासाठी रुंदी लागते दुप्पट, म्हणजे १६२ सेंमी, वर कडेची जागा वेगळी. बाजारातल्या ८ बाय ४ फूट प्लायची रुंदी आहे १२२ सेंमी. बसतच नाही!

हेच एन स्केलमध्ये बघा. एलएचबी डबा १४.७ सेंमी, ३ पट म्हणजे ४४ सेंमी, रुंदी ८८ सेंमी. त्याच प्लायवर आरामात बसतं. त्यामुळे "एचओ घेऊ की एन?" हा आवडीचा प्रश्न वाटला तरी खरं तर तो खोलीच्या मापाचा प्रश्न आहे. एचओच हवं असेल आणि जागा कमी असेल, तर लांब एक्सप्रेसऐवजी शंटिंगचं छोटं इंजिन आणि मालगाडीच्या आखूड वॅगन घ्या.

### चूक ३: एका फळीवर सगळं कोंबणं

स्टेशन, यार्ड, घाट, बोगदा, पूल, दोन मजली लाईन. कागदावर सगळं मावतं, कारण पेन्सिलीच्या रेषेला जाडी नसते.

चढाचं उदाहरण घ्या. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर साधारण ७.५ सेंमी उंची लागते. २ टक्के चढाने, म्हणजे १०० सेंमीला २ सेंमी, तेवढं वर जायला ३.७५ मीटर रूळ लागतो. खाली यायला आणखी ३.७५. एकूण ७.५ मीटर. आणि ८ बाय ४ च्या फळीवर कडेकडेने घातलेली अंडाकृती लाईन भरते जेमतेम ६ मीटर. मग लोक काय करतात, चढ ४-५ टक्क्यांवर नेतात आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात.

खऱ्या रेल्वेलाही हे चुकलेलं नाही. भोर घाटातला चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं जोडतात. तुमच्या एकट्या छोट्या इंजिनाकडून त्याहून जास्त अपेक्षा कशी करायची? त्यात वळणावर घर्षण वाढतं, म्हणून वळणातला चढ सरळ चढापेक्षा अजून जड पडतो.

दुसरी गोष्ट हात पोचण्याची. माणसाचा हात आरामात ७०-७५ सेंमी पोचतो. १२२ सेंमी रुंद फळी भिंतीला चिकटवली, की पलीकडची घसरलेली गाडी उचलायला टेबलावर चढावं लागतं. आणि नियमच असल्यासारखी गाडी नेमकी तिथेच घसरते.

नकाशा फोनवर बोटाने काढण्यापेक्षा कॉम्प्युटरवर काढा. एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. एनीरेल आणि स्कार्म ठरावीक तुकड्यांपर्यंत मोफत वापरता येतात. यांत खऱ्या कंपन्यांच्या ट्रॅकची मापं असतात, त्यामुळे जे बसत नाही ते स्क्रीनवरच कळतं.

## टप्पा २: लाकूड आणि रूळ

### चूक ४: हलका पाया

स्वस्त पातळ प्लाय घेतली, खाली दोनच पट्ट्या ठोकल्या. महिन्याभरात मधोमध झोल येतो. आपल्याकडे पावसाळा हा वेगळाच परीक्षक आहे. कोकणात आणि मुंबईत लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं.

- चांगल्या प्रतीची १२ मिमी प्लाय घ्या. खाली दर दीड-दोन फुटांवर लाकडी आडवी पट्टी हवी.
- वरून, खालून आणि विशेष करून कापलेल्या कडांना सीलर किंवा रंगाचा हात द्या. पाणी कडांतून शिरतं.
- वाळवीची भीती असेल तर पाय भिंतीपासून सुटे ठेवा.
- डोंगरासाठी थर्माकोल वापरत असाल तर त्यावर स्प्रे पेंट किंवा सॉल्व्हंटवाला गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतो. पाण्यात मिसळणारा पांढरा गोंद आणि पाण्याचे रंग चालतात.

धातूही तापला की वाढतो. ६ मीटर रुळाचं तापमान २० अंशांनी वाढलं तर लांबी सुमारे २ मिमीने वाढते. ती वाढायला जागा नसेल तर रूळ कुठेतरी बाजूला फुगतो. म्हणून सरळ भागातल्या काही जोडांत जाड कागदाएवढी फट ठेवा. हिवाळ्यात ट्रॅक टाकत असाल तर जास्तच काळजी घ्या.

### चूक ५: जोडात कोन ठेवणं

दोन रूळ जिथे मिळतात तिथे बारीक कोन राहिला की चाक तिथे वर चढतं. डोळ्यांना वरून तो दिसत नाही. फोनचा कॅमेरा रुळाच्या उंचीवर ठेवा आणि रुळाच्या रेषेत झूम करून बघा. सरळ वाटणारा रूळ कुठे मोडलाय ते लगेच दिसतं. जॉइनर रुळावर नीट चढलाय की रूळ त्याच्यावर बसलाय, हेही तपासा. बोट फिरवून पायरी लागते का बघा.

वळण लवचिक ट्रॅकचं असेल तर जोड वळणात येऊ देऊ नका. येतच असेल तर दोन तुकडे सरळ असताना आधी सोल्डर करा, मग एकत्र वाकवा.

डावं वळण संपून लगेच उजवं वळण आलं तर इंग्रजी एस अक्षर तयार होतं. दोन डबे एकमेकांना विरुद्ध बाजूंना ओढतात आणि एक बाहेर पडतो. दोन वळणांमध्ये किमान सर्वात लांब डब्याएवढा सरळ तुकडा हवाच. एकाशेजारी एक जोडलेल्या दोन सांध्यांमध्येही असा एस लपलेला असतो.

## टप्पा ३: वीज

थोडा इतिहास, कारण तो तुमच्याच जगाचा आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४० च्या दशकापासून टेक मॉडेल रेलरोड क्लब चालतो. त्यात काही जण वरचे डोंगर आणि गाड्या करायचे, तर काही जण टेबलाखालच्या तारा आणि रिले सांभाळायचे. या खालच्या मंडळींनी 'हॅक' हा शब्द ज्या अर्थाने वापरला, तोच पुढे कॉम्प्युटरच्या जगात गेला. सांगायचं काय, तर मॉडेल रेल्वेचं खरं डोकं टेबलाखाली असतं.

### चूक ६: दोनच तारांवर सगळा लेआउट

सेटमध्ये दोन तारा मिळतात. छोट्या अंडाकृतीला त्या पुरतात. लेआउट वाढला की लांबच्या टोकाला गाडी हळू होते. कारण रूळ तांब्याचा नसतो. निकेल-सिल्व्हर मिश्रधातूतून वीज तांब्यापेक्षा बरीच अवघड जाते, आणि प्रत्येक जॉइनर काळा पडला की अडथळा वाढतो.

उपाय: फळीखालून दोन जाड मुख्य तारा फिरवा. घरगुती वायरिंगची १.५ किंवा २.५ चौ. मिमी तार चालते. तिच्यापासून दर तीन ते सहा फुटांवर ०.५ चौ. मिमीच्या बारीक तारा रुळांना सोल्डर करा. दोन रंग ठरवा, समजा लाल आतल्या रुळाला आणि काळा बाहेरच्या, आणि शेवटपर्यंत बदलू नका. फोनमध्ये प्रत्येक जोडाचा फोटो ठेवा. सहा महिन्यांनी तोच नकाशा उपयोगी पडतो.

सोल्डरसाठी रोझिनचा फ्लक्स वापरा. नळाच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स धातू खातो. खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा.

### चूक ७: रिव्हर्स लूप आणि सांध्याचं पोट न समजणं

गाडी गोल फिरून त्याच लाईनवर उलटी परत आली, तर तिथे डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो. म्हणजे थेट शॉर्ट. कागदावर हे दिसत नाही, म्हणून नकाशावर दोन्ही रूळ दोन रंगांनी काढा. रंग कुठे भिडले की समजा. तिथे दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत प्लास्टिकचे जॉइनर लावून तो तुकडा वेगळा करावा लागतो. तो तुकडा तुमच्या सर्वात लांब गाडीपेक्षा लांब हवा, आणि त्याची ध्रुवता बदलायला स्विच किंवा ऑटो-रिव्हर्सर लागतो.

सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला फ्रॉग म्हणतात. स्वस्त सांध्यांत तो प्लास्टिकचा असतो आणि तिथे वीज नसते. चारच चाकांचं छोटं इंजिन हळू चाललं की नेमकं तिथे मरतं. छोटं इंजिन घ्यायचं असेल तर धातूच्या फ्रॉगचा सांधा घ्या, पण त्याला सांधा बदलला की वीज बदलणारा स्विच जोडायला विसरू नका.

### चूक ८: फोनवरून चालवायच्या घाईत डीसी आणि डीसीसी एक करणं

साध्या डीसी पद्धतीत रुळावरचं व्होल्टेज बदललं की गाडीचा वेग बदलतो. त्यामुळे एका भागात एकच गाडी. डीसीसीमध्ये रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं आणि त्यातूनच डिजिटल आदेश जातात. व्हॉट्सॲप ग्रुपसारखं समजा: मेसेज सगळ्यांना पोचतो, पण ज्याला टॅग केलंय तोच उत्तर देतो. प्रत्येक इंजिनात डीकोडर असतो आणि त्याचा स्वतःचा नंबर.

नवीन डीकोडरचा नंबर बहुतेक वेळा ३ असतो. दोन नवी इंजिनं एकत्र ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. बिघाड नाही तो, एकेक इंजिन ठेवून नंबर बदला. इंजिन घेताना डीकोडरची सॉकेट कोणती हेही बघा: ८ पिन, २१ पिन, नेक्स्ट१८ असे प्रकार आहेत. सॉकेटच नसेल तर आत सोल्डरिंग करावं लागेल.

कमी खर्चात फोनवरून चालवायचं असेल तर डीसीसी-ईएक्स हा ओपन सोर्स प्रकल्प बघा. आर्डुइनो मेगा, मोटर शिल्ड आणि वायफायचं छोटं बोर्ड, एवढ्यात कमांड स्टेशन तयार होतं. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप त्याला जोडता येतं. पण जुना डीसी कंट्रोलर आणि डीसीसी स्टेशन एकाच रुळाला कधीही एकत्र जोडू नका. दोघांपैकी एक नक्की जळेल.

आता नाण्याची चाचणी. डीसीसी चालू असताना पाच रुपयांचं पिवळं नाणं दोन्ही रुळांवर क्षणभर टेकवा. स्टेशनने लगेच वीज तोडली पाहिजे. ही चाचणी लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात करा. कुठे तोडली नाही, तर तिथे तारा बारीक आहेत किंवा जोड कच्चा आहे. अशा जागी गाडी घसरून शॉर्ट झाला तर १४ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ७० वॉट उष्णता एका बोगीत जाते. प्लास्टिक वितळायला तेवढं पुरतं.

## टप्पा ४: सजावट

### चूक ९: चाचणीआधी खडी टाकणं

रूळ टाकला की खडी पसरायचा मोह आवरत नाही, कारण फोटो त्यानंतरच छान येतो. पण खडी म्हणजे सिमेंट. पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून एकदा ओतला, की रूळ कायमचा बसला. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गेला तर सांधाही कायमचा बसला!

मी सगळ्यांना एकच अट सांगते. खडीच्या आधी किमान पंधरा दिवस उघड्या रुळावर गाडी चालवा. सर्वात लांब गाडी, दोन्ही दिशांना, पुढून ओढत आणि मागून ढकलत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंनी. सगळ्यात हळू वेगातही. एकदाही न घसरता पन्नास फेऱ्या झाल्या की खडी.

## गाडी घसरते? दोष असा शोधा

अंदाजाने इकडेतिकडे ठोकाठोकी करू नका. तीन प्रश्न विचारा.

१. वेगवेगळे डबे एकाच जागी घसरतात? दोष रुळात. जोड, कोन, पातळी तपासा.

२. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरतो? दोष डब्यात. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, एचओमध्ये ते साधारण १४.४ मिमी हवं. बोगी मोकळी फिरते का बघा. वजन बघा.

३. एकच डबा एकाच जागी घसरतो? दोन्हीकडे थोडा थोडा दोष आहे. आधी रूळ नीट करा.

वजनासाठी अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटना एनएमआरएचा सल्ला वापरतात: एचओमध्ये २८ ग्रॅम अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. २४.५ सेंमीच्या डब्याला सुमारे १६५ ग्रॅम होतात. हलका डबा आतून नट किंवा वॉशर चिकटवून जड करा, पण वजन खाली ठेवा.

आणि तुमच्या खिशातलं सर्वात भारी अवजार विसरू नका. फोन रुळाशेजारी आडवा ठेवा, स्लो मोशन चालू करा, गाडी जाऊ द्या. कुठलं चाक आधी वर चढलं ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं. फोनमधलं लेव्हल ॲप रूळ एका बाजूला कललाय का तेही सांगतं.

## मग पहिला लेआउट कसा असावा?

माझं मत विचाराल तर गोल फिरणारा मोठा लेआउट नको. भिंतीवरच्या फळीएवढी, फूटभर रुंद आणि साधारण पाच फूट लांब एचओ शंटिंग लाईन करा. ॲलन राइट यांनी बनवलेला 'इंगलनूक' हा नमुना प्रसिद्ध आहे: दोन सांधे, तीन साइडिंग. एकात ५ वॅगन मावतात, बाकी दोनांत ३-३. बाहेरच्या तुकड्यावर इंजिन आणि ३ वॅगन. एकूण ८ वॅगनपैकी चिठ्ठी टाकून निघालेल्या ५ वॅगन ठरलेल्या क्रमाने लावायच्या. वाटतं सोपं, पण अर्धा तास डोकं खातं.

यात चढ नाही, घट्ट वळण नाही, रिव्हर्स लूप नाही. वर दिलेल्या ९ पैकी अर्ध्या चुका करायला जागाच उरत नाही. आणि रूळ बसवणं, तारा, सांधा, खडी हे सगळं शिकून होतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रूळ सॅंडपेपरने घासले तर चालतात का?
नाही. बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण साचते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन पुसा, वीज बंद ठेवून. पंख्याखालचा लेआउट लवकर धुळीने भरतो, वापर नसताना चादर टाका.

थ्रीडी प्रिंटरवर सगळं छापता येईल का?
इमारती, डब्यांचे सांगाडे, खांब छान होतात. चाकं आणि सांधे मात्र तयार घ्या. तिथे मिमीच्या दहाव्या भागाचा फरकही घसरण करतो.

पैसे कमी आहेत, आधी कशावर खर्च करू?
एक चांगलं इंजिन, चांगले सांधे आणि नीट पाया. डबे आणि झाडं हळूहळू घेता येतात. स्वस्त सांधा आणि स्वस्त इंजिन मात्र रोज त्रास देतात.

आधीच खडी टाकून झाली आहे आणि गाडी घसरतेय. आता?
घाबरू नका. पांढरा गोंद पाण्याने भिजतो. तेवढ्याच भागावर कोमट पाणी फवारा, अर्धा तास थांबा, पातळ सुरीने रूळ हलकेच सोडवा. आधी दोष मात्र वरच्या तीन प्रश्नांनी नक्की करा, नाहीतर चांगला रूळ उखडाल.

तुमच्या नकाशात काही अडत असेल, तर खरेदीला जाण्याआधी तीन आकडे कागदावर मांडा: सर्वात लांब डबा, सर्वात लहान त्रिज्या आणि चढाची टक्केवारी. हे तीन जुळले, की बाकीचं हातानं जमतं.